‘शिबाराकु’ म्हणजे नेमके किती दिवस?

जपानीच्या वर्गात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ‘ओमाची कुदासाई’ येतं. कुणाला आदबीनं थांबायला सांगायचं असेल तर हे वापरायचं. दुकानदार म्हणतो, बँकेतला कारकून म्हणतो, फोनवरची बाई म्हणते. जरासंच थांबवायचं असेल तर त्याआधी ‘शोऽशोऽ’ लावायचं आणि त्याहून थोडं जास्त थांबवायचं असेल तर ‘शिबाराकु’. मग कुणीतरी हटकून विचारतं, “सेन्सेइ, शिबाराकु म्हणजे नक्की किती?” माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं: कुठे वापरलंय त्यावर आहे. हा शब्द मुळातच दुतोंडी आहे. थोडा वेळ थांबा, हेही शिबाराकु. आणि दहा वर्षांनी जुना मित्र भेटला की त्यालाही म्हणायचं ‘शिबाराकु देसु ने’, म्हणजे किती काळ लोटला हो!

२०२० ते २०२२ या काळात, कोरोनामुळे जपाननं परदेशी विद्यार्थ्यांना दार लावलं होतं तेव्हा, माझ्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांना जपानमधल्या शाळांचे जे मेल यायचे, त्यांच्या शेवटी बहुधा हेच असायचं. परिस्थिती बदलली की कळवू, आणखी शिबाराकु वाट पाहावी. मुलं ते मेल मला व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि खाली एकच प्रश्न: सेन्सेइ, यातलं कुठलं शिबाराकु?

ही गोष्ट आता जुनी झाली. वर्ग पुन्हा भरलेत, विमानं पुन्हा जातायत, मग हे उकरून काढायचं कशाला, असं मला एका सहकाऱ्यानं परवाच विचारलं. उकरायचं अशासाठी, की त्या दोन वर्षांत झालेल्या चुकीवर आपण सगळ्यांनी, जपान्यांनी आणि आपणही, चुकीचं नाव चिकटवून ठेवलंय. टीका करणारे म्हणतात, जपाननं दार लावलं ही चूक. समर्थक म्हणतात, साथीच्या दिवसांत दार लावायचं नाही तर काय करायचं? मला या भांडणात रस नाही. साथ आली की कोणताही देश दार लावणार आणि त्याला तो हक्क आहे. ज्यांना ‘या’ म्हणून लेखी कळवलं होतं, त्यांना उंबरठ्यावर उभं करून तुमचा नंबर कितवा आणि साधारण कधी येईल हे सांगितलं नाही, माझी तक्रार तेवढीच आहे. आणि ती बारीक तक्रार नाही.

‘लेखी’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. जपानला भाषा शिकायला जायचं म्हणजे नुसतं व्हिसाचा अर्ज भरला आणि निघालं असं होत नाही. आधी शाळा तुमची मुलाखत घेते. मग तुमच्या वतीनं जपानच्या इमिग्रेशन खात्याकडे कागद जातात: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, जपानी किती तास शिकलात त्याचा दाखला, खर्च कोण करणार त्याचं हमीपत्र, वडिलांचा पगार, बँकेतली शिल्लक. ही शिल्लक कुठून आली याचाही खुलासा लागतो. दोन-तीन महिने हे सगळं तपासलं जातं आणि पसंत पडलं तर एक प्रमाणपत्र येतं. त्याचं जपानी नाव लांबलचक आहे, पण पुण्यात सगळे त्याला ‘सीओई’च (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी) म्हणतात. ‘तुझी सीओई आली का?’ हा प्रश्न आमच्या वर्गात ‘तुझं लग्न ठरलं का?’ या सुरात विचारला जातो. सीओई आली की शाळेची फी भरायची. वर्षाची फी साधारण सात-आठ लाख येन असते. शाळा बहुधा सहा महिन्यांची किंवा वर्षाची आगाऊ घेतात. मग मुंबईच्या वकिलातीकडून व्हिसा.

म्हणजे ज्याच्या हातात सीओई आहे तो दारात आलेला उपरा नाही. त्याला जपाननं पारखून घेतलंय, पसंत केलंय आणि तसं कागदावर लिहून दिलंय. या कागदाची मुदत एरवी तीन महिने. साथीत ती वाढवली गेली, मग पुन्हा वाढवली गेली. आपल्याकडे ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ म्हणतात. जपानी शिस्तीचं कौतुक करण्यात हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांना ही म्हण तिथंही लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

काय काय झालं ते थोडक्यात. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला जपानच्या प्रवेशबंदीच्या यादीत ७३ देश होते आणि ती पुढे वाढत गेली. ऑक्टोबर २०२०मध्ये दार किलकिलं झालं, विद्यार्थी आत जाऊ लागले. डिसेंबरअखेरीस पुन्हा बंद. पुढच्याच जानेवारीत, २०२१च्या, भारत आणि जपाननं कुशल कामगार पाठवण्याघेण्याच्या करारावर सह्या केल्या, म्हणजे एका हातानं निमंत्रण आणि दुसऱ्या हातानं कडी. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि भारतातून जाणाऱ्यांचं नावच काढायला नको असे दिवस आले. ते समजण्यासारखं होतं. त्या एप्रिल-मेमध्ये इथं ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. जपानला जायचं सोडा, मुलांना जपानीची वही उघडायचं भान नव्हतं. माझ्या वर्गातल्या दोघांनी त्या महिन्यांत घरचं माणूस गमावलं.

पण त्याच उन्हाळ्यात, २३ जुलैला, टोकियोत ऑलिम्पिक सुरू झालं. जगभरातून हजारो खेळाडू, पंच, पदाधिकारी, पत्रकार आले. रोज चाचणी, ठरलेला रस्ता, ठरलेली बस, ठरलेलं हॉटेल. प्रेक्षक नव्हते, पण स्पर्धा पार पडली. ऑलिम्पिक घ्यायलाच नको होतं असं काहीजण म्हणतात, मी म्हणत नाही. मला ते पाहताना एवढंच वाटलं की, अरे, यांना हे जमतंय! पंचाला जे जमलं ते सोलापूरच्या एका मुलाला, चौदा दिवस खोलीत बसायच्या बोलीवर, जमलं नसतं का?

जमलंही असतं, आणि तसा प्रयत्नही झाला. नोव्हेंबर २०२१मध्ये विद्यार्थ्यांसाठी दार उघडताना जपान सरकारनं रीतसर रांग लावली होती. ज्याची सीओई जितकी जुनी, तितका त्याचा नंबर आधी. २०२०च्या सुरुवातीच्या कागदवाल्यांनी आत्ता अर्ज करायचा, त्यानंतरच्यांनी पुढच्या महिन्यात, असं वेळापत्रक आलं. त्या आठवड्यात माझ्या फोनला उसंत नव्हती. मुलं आपापल्या कागदावरची तारीख बघून कुठल्या महिन्यात बसतो ते मोजत होती. एकीनं तर आईला स्वेटर विणायला बसवलं. ८ नोव्हेंबरला हे सुरू झालं, २९ नोव्हेंबरला पंतप्रधान किशिदांनी जाहीर केलं की ओमिक्रॉनमुळे उद्यापासून नवे परदेशी बंद. तीन आठवडे! रांगेतली पहिली माणसंही जेमतेम कागद जमवत होती.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथंच. दार लावलं म्हणून नव्हे. ओमिक्रॉन काय चीज आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दाराबरोबर रांगही गुंडाळून ठेवली, हे खटकतं. बंदी एक महिन्याची म्हणून आली, मग फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढली. उघडेल तेव्हा हीच रांग पुढे चालेल, तुझा नंबर तसाच राहील, असं कुणी सांगितलं नाही. रोगाची तारीख सांगता येत नाही हे मान्य, पण क्रम सांगता येतो. रेशनच्या दुकानात रॉकेल संपलं तर दुकानदारही म्हणायचा, टँकर आला की इथूनच पुढे चालू. जागा सोडू नका.

आणि बंदीनं साधलं काय? जपानच्या किनाऱ्यावरच रोग अडवायचा, या धोरणाला तिकडे ‘मिझुगिवा’ म्हणतात, म्हणजे पाण्याची कड. सुरुवातीचे काही आठवडे त्याचा उपयोग झाला असेल. लसीकरणाला, दवाखान्यांना तयारीला वेळ मिळाला असेल. पण विषाणूला पासपोर्ट वाचता येत नाही. जपानी नागरिक परदेशातून परतत होतेच. डिसेंबरात ओकिनावातल्या अमेरिकी तळांवर साथ पसरली, कारण तिथल्या सैनिकांना जपानचे विमानतळावरचे नियम लागूच नव्हते. फेब्रुवारी २०२२च्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये दिवसाला एक लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडत होते. बाहेरचे विद्यार्थी जवळजवळ नाहीतच, आणि आत रोज लाखभर रुग्ण. तरी दार बंदच. तिकडच्या उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्षसुद्धा वैतागून म्हणाले की ही तर ‘साकोकु’ झाली, म्हणजे शोगुनांच्या काळातली देशबंदी.

त्या शब्दावर जरा थांबते. सतराव्या शतकात जपाननं दार लावलं ते दोनशे वर्षांवर लावलं, हे शाळकरी ज्ञान. पण त्या साकोकुतही नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचं पंख्याच्या आकाराचं एक छोटं बेट होतं. तिथं डच व्यापारी राहायचे आणि त्यांच्याकडून मिळालेल्या पुस्तकांवर जपानी वैद्यांनी शरीरशास्त्र शिकून घेतलं. एवढ्या कडेकोट बंदीतही शिकण्यापुरती फट ठेवलेली होती. २०२२च्या जानेवारीत अशी एक फट ठेवली गेली: सरकारी शिष्यवृत्तीच्या ८७ विद्यार्थ्यांना विशेष बाब म्हणून प्रवेश मिळाला, पुढे आणखी काहीशे जणांना. बाहेर त्या वेळी सीओई हातात घेऊन थांबलेले विद्यार्थी होते सुमारे दीड लाख.

आता समोरच्यांची बाजू. डिसेंबर २०२१मध्ये योमिउरी या मोठ्या दैनिकानं घेतलेल्या पाहणीत ८९ टक्के जपान्यांनी बंदीला पाठिंबा दिला. एवढा मोठा आकडा ‘परकीयांचा द्वेष’ म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. म्हाताऱ्यांचा देश आहे. भीती खरी होती. आणि आपण कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? २०२०च्या उन्हाळ्यात आपल्याच गावांनी वेशीवर बाभळीचे फांटे आडवे टाकले होते. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला शाळेच्या वर्गात झोपवलं होतं. कोकणात तर चाकरमानी हा शब्द शिवीसारखा उच्चारला जात होता. पण गणपती जवळ आले तेव्हा काय झालं ते आठवा. भांडणं झाली, ग्रामपंचायतींनी ठराव केले, आणि शेवटी नियम ठरला: बारा ऑगस्टपर्यंत पोचा, दहा दिवस विलगीकरणात राहा, उशिरा येणार असाल तर चाचणी करून या. लोकांनी नियमाला शिव्या दिल्या आणि त्याप्रमाणे सुट्ट्या टाकल्या. भीती तीच होती. फक्त चाकरमान्याला तारीख मिळाली.

तारीख न मिळण्याची किंमत काय असते ते बाहेरून दिसत नाही. ‘दोन वर्षं उशीर झाला, एवढंच ना? तोवर ऑनलाइन शिकायचं,’ असं म्हणणारे भेटतात. ऑनलाइनचं सांगते. टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच. माझी एक विद्यार्थिनी साताऱ्याजवळच्या गावात राहायची. पहाटे सव्वापाचला उठून ती गच्चीवर जायची, कारण खाली रेंज नव्हती. अंगावर शाल, मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवलेला. पलीकडून शिक्षिका विचारायची, आज सकाळी काय खाल्लं? तिनं काहीच खाल्लेलं नसायचं, पण वाक्यरचनेसाठी ती ‘मिसोशिरु’ म्हणायची. जे सूप तिनं आयुष्यात चाखलं नव्हतं ते ती सहा महिने रोज पहाटे प्यायली. दुकानात बिल चुकणं, ट्रेनमध्ये चुकीच्या दिशेला बसणं, आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या नोकरीत भांडी घासता घासता मालकाची बोली कानावर पडणं, हे सगळं वजा करून उरते ती भाषा नव्हे, पाठांतर. आणि फी बहुतेक तेवढीच.

तिच्या घरी दुसरंच घड्याळ चालू होतं. मुलगा थांबला तर त्याला लोक विचारतात, मग नोकरी कुठे? मुलगी थांबली तर विचारतात, मग बघायला सुरुवात करायची का? तिच्या वडिलांनी हमीपत्रावर सही करताना घरात एक बोली केली होती: जपानला जातेस तर जा, नाही तर तेविसाव्या वर्षी स्थळं बघणार. सीओई आली तेव्हा ती बावीसची होती. जपानच्या मंत्रालयात ‘परिस्थिती पाहून निर्णय’ असं कुणी लिहिलं की इकडे साताऱ्याजवळ एका घरात तिची बाजू पडायची. ‘मार्चमध्ये नक्की’ असं जरी म्हणता आलं असतं तरी तिनं मार्चपर्यंत किल्ला लढवला असता. ‘कळवू’ या शब्दावर कोण किती दिवस लढणार?

दुसरा एक मुलगा, पिंपरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून बसलेला. नोटीस पिरियड भरून, निरोपसमारंभ होऊन. त्याला कंपनीनं परत घेतलं, पण खालच्या पगारावर. गेटवरचा वॉचमन त्याला अजून ‘काय रे जपान’ म्हणून हाक मारतो.

इथं थोडं आमच्याबद्दलही बोलायला हवं. आम्ही शिक्षक, क्लासवाले, एजंट, यांनीही हात झटकले. ‘या एप्रिलला शंभर टक्के’ असं सांगून नव्या मुलांकडून पैसे घेणारे क्लास मला माहीत आहेत. पुढच्या एप्रिललाही त्यांनी तेच सांगितलं. फी परत मागायला गेलेल्या पालकांना जपानकडे बोट दाखवलं गेलं, जपानच्या शाळा इमिग्रेशनकडे बोट दाखवत होत्या. मी पैसे घेतले नाहीत, पण ‘होईल गं, धीर धर’ मीही म्हटलं, पन्नासदा. आज वाटतं, तिला एकदा तरी सांगायला हवं होतं की मला माहीत नाही, तू तुझा दुसरा रस्ता बघून ठेव. आशा फुकट वाटता येते म्हणून ती फुकट असते असं नाही.

१ मार्च २०२२ला दार उघडलं. दिवसाला पाच हजार माणसं, आणि त्यात परतणारे जपानी नागरिकही धरलेले. मग दोन आठवड्यांत सात हजार, एप्रिलमध्ये दहा, जूनमध्ये वीस, सप्टेंबरमध्ये पन्नास हजार. ऑक्टोबरमध्ये मर्यादाच उठली. मधल्या दिवसांत विद्यार्थ्यांसाठी विमानातल्या रिकाम्या जागा वापरायची वेगळी सोयही काढली. म्हणजे मोजून, टप्प्याटप्प्यानं, विद्यार्थ्यांना थोडं आधी घेऊन दार उघडता येतं, हे सरकारलाच करून दाखवता आलं. मग पहिल्यापासून दिवसाला दोनशे का नाही? अगदी शंभर का नाही? हळू चालणारी रांगही चालते. दिवसाला शंभर म्हटलं तरी पुण्याच्या मुलीला आकडेमोड करता आली असती: माझ्यापुढे इतके, म्हणजे इतके महिने. ती आकडेमोड निराशाजनक निघाली असती तर तिनं कोरियाचा विचार केला असता, जर्मनीचा केला असता, किंवा हिंजवडीत नोकरी धरली असती. निर्णय तिचा झाला असता.

जपानच्या बाजूनं आता आकडे दाखवले जातात. २०१९मध्ये तिथं परदेशी विद्यार्थी होते ३,१२,२१४. २०२२मध्ये ते २,३१,१४६वर आले. आणि २०२४पर्यंत पूर्वीच्याही पुढे गेले. भाषाशाळांतली संख्या ८३ हजारांवरून २०२१मध्ये ४० हजारांच्या घरात, म्हणजे निम्म्यावर आली होती, तीही सावरली. २०३३पर्यंत चार लाख विद्यार्थी आणायचं ठरलंय. म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं? आकडे सावरले हे खरं. पण सावरलेल्या आकड्यात जी मुलं आहेत ती वेगळी आहेत. दोन वर्षं थांबून बाद झालेली मुलं परत आलेली नाहीत. त्यांच्या जागी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान मुलं आली. रिकाम्या खुर्चीवर दुसरा बसला की खुर्ची भरते. उठून गेलेला कुठे गेला हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

जपानला हे समजत नाही असं मी मानत नाही, कारण तो देशच मुळात परदेशी पाठवलेल्या विद्यार्थ्यांनी घडवलाय. १८७१मध्ये जपान सरकारच्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला शिकायला पाठवलेल्या पाच मुलींत सगळ्यात धाकटी, त्सुदा उमेको, सहा वर्षांची होती. ती आता पाच हजार येनच्या नोटेवर आहे. आणि आपल्याकडच्या प्रत्येक मराठी घरानं एकदा तरी पाहिलेला तो १८८५चा फोटो: फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात साडीतल्या आनंदीबाई जोशी, आणि शेजारी किमोनोतली एक मुलगी. आपण आनंदीबाईंकडेच बघतो. शेजारची ती ओकामी केइ, जपानची. दोघींनाही तिसऱ्याच देशानं दारातून आत घेतलं होतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. दिलेल्या सीओईला साथीतही एक क्रमांक असावा आणि बंदी कितीदाही आली तरी तो पुसला जाऊ नये. बंदीच्या काळातही रोज ठरावीक, भले तुटपुंज्या, जागा या क्रमानं भराव्यात. आणि अमुक महिन्यांत नंबर लागला नाही तर शाळेनं पूर्ण फी परत करावी, असं करारातच लिहिलेलं असावं. हे शेवटचं आपण इथं बसूनही मागू शकतो, फी भरण्याआधी. गेल्या वर्षीपासून मी माझ्या विद्यार्थ्यांना शाळेला तसा मेल लिहायला लावते. जपानीतून, सगळे आदरार्थी शब्द जिथल्या तिथं. काही शाळा सरळ उत्तर देतात. काहींचं उत्तर येतं की चौकशी करून कळवतो, शिबाराकु वाट पाहावी. मग मी मुलांना परत लिहायला सांगते: कृपया तारीख कळवावी.

साताऱ्याकडची ती मुलगी मार्च २०२२मध्ये गेली नाही. एप्रिलमध्ये तिचं लग्न होतं. मी गेले होते. आता ती कराडमध्ये शाळेतल्या मुलांना शनिवार-रविवार जपानी शिकवते, आणि परवा तिनं फोन करून विचारलं, “सेन्सेइ, पोरं विचारतात शिबाराकु म्हणजे किती, काय सांगू?”